मेंदूच्या आजारानंतर घरी व्यायाम कसा सुरू करावा आणि कसा वाढवावा

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी आला की पहिल्याच आठवड्यात बहुतेक घरांत दोन गोष्टी सुरू होतात : कोमट तेलाची मालिश आणि दुबळ्या हातात रबरी चेंडू. दोन्हींमागे माया असते आणि मालिशीने आखडलेल्या अंगाला बरेही वाटते. परंतु मालिश करताना कष्ट मालिश करणाऱ्याचे होतात, आणि चेंडू दाबताना मिटतात ती बोटे पुष्कळदा आधीच आपणहून मिटू पाहत असतात. रुग्णाला जमत नसते ते मूठ उघडणे. नाशिकमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करताना हे चित्र मी इतक्या वेळा पाहिले आहे, की व्यायाम म्हणजे नेमके काय आणि त्यात घरच्या माणसाने हात कुठे लावावा व कुठे काढून घ्यावा, हे एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

मेंदूतील मेलेल्या पेशी परत येत नाहीत, परंतु शिल्लक राहिलेल्या जाळ्यात नव्या जोडण्या होऊ शकतात, आणि ज्या कामाचा सराव होतो त्याच कामासाठी त्या प्रामुख्याने होतात. प्राण्यांवरील प्रयोगांत असे बदल दिसले तेव्हा एकेका बैठकीत तीच हालचाल शेकडो वेळा करून घेतली जात होती. उलट २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका पाहणीत, ज्या सत्रांत हाताच्या कामाचा सराव झाला त्यांतही दुबळ्या हाताने तशा हालचाली सरासरी फक्त ३२ वेळा केल्याचे आढळले. आठवड्यातून तीनदा येणारा फिजिओथेरपिस्ट प्रत्येक वेळी पाऊण तास देतो. बाकीची आवर्तने घरातच व्हावी लागतात.

सुरुवात मात्र डॉक्टरांच्या परवानगीनेच करावी. रक्तदाब किती असेल तर व्यायाम टाळायचा, हृदयावर किती ताण चालेल आणि खांद्याची काय काळजी घ्यायची, हे तीन प्रश्न घरी निघण्यापूर्वीच विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. घाईही नको. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवून चालवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा काहीशी वाईट आढळली. दुसऱ्या टोकाचा समजही चुकीचा आहे. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो हे खरे, पण सहा महिन्यांनंतर दार बंद होत नाही. वर्ष उलटल्यावर हाताचा सराव सुरू करूनही फरक पडलेले रुग्ण आहेत.

एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी खुर्चीतून उठण्याचा निवडेन, कारण शौचालय, जेवणाचे टेबल, रिक्षा आणि देवदर्शन या सगळ्यांची वाट तिथूनच जाते. हातांची आणि भक्कम लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हलकी प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, म्हणून ती टाळावी. बैठक खूप खाली वाटत असेल तर घडी घातलेल्या दोन घट्ट चादरी बैठकीवर ठेवाव्यात. रुग्णाने आधी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकावे, दोन्ही पावले गुडघ्यांच्या किंचित मागे आणून पूर्ण जमिनीवर टेकवावीत आणि जमत असेल तर दुबळे पाऊल चांगल्या पावलापेक्षा थोडे मागे ठेवावे, म्हणजे भार त्या पायावर येतो. मग अंग पुढे झुकवावे. इथेच बहुतेक जण चुकतात : पाठ सरळ ठेवून वर उडी घेतल्यासारखे उठू पाहतात आणि मागे पडतात. सुनेने किंवा मुलाने समोरून एवढेच सांगावे, "बाबा, आधी पाय मागे घ्या, नाक गुडघ्यांच्या पुढे आणा आणि मग उठा." बसतानाही हाच क्रम उलटा असतो, आणि धपकन न बसता हळू बसणे हा अर्धा व्यायाम आहे.

मदत करणाऱ्याने दुबळ्या बाजूला उभे राहावे आणि कमरेला बांधलेला रुंद कापडी पट्टा धरावा. काखेत हात घालून किंवा दुबळा हात ओढून कधीही उठवू नये. पक्षाघातानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडल्यामुळे तो सांधा जागेवरून घसरू शकतो, आणि एकदा खांदा दुखू लागला की पुढचे अनेक महिने हाताचा व्यायामच थांबतो. दाराच्या चौकटीला कप्पी टांगून चांगल्या हाताने दुबळा हात वर ओढण्याची पद्धतही याच कारणाने सोडून द्यावी.

सुरुवातीला पाच उठबशा दिवसातून चार-पाच वेळा पुरेत. प्रत्येक चहापूर्वी पाच, जेवणापूर्वी पाच, असा नेम लावला तर आठवण राहते. सलग पाच सहज झाल्या की एक चादर काढावी, काही दिवसांनी दुसरी, नंतर पट्ट्यावरची पकड सैल करावी आणि शेवटी हात फक्त जवळ ठेवावा. व्यायाम वाढवणे म्हणजे घरच्यांची मदत मोजून-मापून कमी करणे. हे सोपे नसते. रुग्ण धडपडत असताना हात आवरून धरणे मुलांना निर्दयपणाचे वाटते, पण पडू न देता धडपडू देणे हीच त्या वेळची खरी शुश्रूषा असते.

उभे राहता येऊ लागले की स्वयंपाकघराचा ओटा फार उपयोगी पडतो. त्याची उंची हात टेकायला योग्य असते आणि तो हलत नाही. ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर भार देऊन दुसरा हलका करणे, ओट्याच्या कडेने आडवे चालणे, आणि तोल सुधारला की एका हाताने वरच्या फळीवरचा डबा काढणे, अशी चढण ठेवता येते. मागे एक खुर्ची मात्र नेहमी असावी आणि फरशी कोरडी असावी.

हाताच्या व्यायामासाठी दुकानातून फारसे काही आणावे लागत नाही. मनगट किंवा बोटे थोडी जरी उघडत असतील तर टेबलावर घडी केलेला रुमाल ठेवून तो दुबळ्या हाताने पुढे ढकलत नेणे, पेला धरण्यापेक्षा सोडण्याचा सराव करणे, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणे, मटार सोलणे, बेदाणे एकेक उचलून वाटीत टाकणे, ही सगळी उत्तम कामे आहेत. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागाईतदारांना मी सुरुवातीला प्लास्टिकचे ठोकळे दिले होते. चार दिवसांत ते कंटाळले. मग घरच्यांनी त्यांच्या हातात विरळणीची कात्री आणि टेबलावर एक घड दिला, तेव्हा ते तासभर उठले नाहीत. ज्या कामाला मन लागते त्याची आवर्तने आपोआप वाढतात. चांगल्या हाताला दिवसाचा बराच वेळ मोजा घालून दुबळ्या हाताकडूनच काम करून घेण्याची पद्धतही आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या अभ्यासात दोन आठवड्यांच्या अशा उपचाराचा फायदा पुढे वर्षभर टिकून राहिलेला दिसला. ही पद्धत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच वापरावी, आणि चालताना किंवा जिन्यावर मोजा काढावाच, कारण तोल गेला तर आधार घ्यायला तोच हात लागतो.

आतापर्यंतचे विवेचन मुख्यतः पक्षाघाताचे झाले. कंपवातात, म्हणजे जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेल्या आजारात, अडचण वेगळी असते : ताकद पुष्कळशी शाबूत असते, पण हालचाली लहान लहान होत जातात आणि रुग्णाला ते जाणवतही नाही. म्हणून इथे व्यायामाचा गाभा मोठेपणा हा आहे. हात पूर्ण पसरणे, पाऊल मुद्दाम लांब टाकणे, मोठ्याने आकडे मोजणे, हे सारे "जरा जास्तच होते आहे" असे रुग्णाला वाटेपर्यंत करावे. व्यायामाची वेळ गोळीचा परिणाम चांगला असतानाची ठेवावी. अनेकांना गोळीनंतर तासाभराने अंग मोकळे वाटते. दारात किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर मागून ढकलू नये किंवा हात धरून ओढू नये. रुग्णाने थांबावे, सरळ उभे राहावे, अंग डावीकडे-उजवीकडे झुलवून भार बदलावा आणि मग एक मोठे पाऊल टाकावे. अशा जागी फरशीवर एकेका पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावल्या तर त्या ओलांडताना पाय पुष्कळदा सहज उचलले जातात. वळताना जागच्या जागी न फिरता रुंद वळसा घ्यावा. तोलासाठी ताई-ची या चिनी व्यायामाचा उपयोग २०१२ मधील एका अभ्यासात दिसला असून, आठवड्यातून दोनदा सहा महिने तो केलेल्या कंपवाताच्या रुग्णांचे पडणे स्नायू ताणण्याचा व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा कमी झाले होते.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंचे आवरण खराब करणाऱ्या आजाराच्या, बऱ्याच रुग्णांना उष्णता सोसत नाही. शरीर तापले की नजर धूसर होते आणि पाय जड पडतात. हे जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले, आणि त्यामुळेच पुढे दीर्घकाळ या रुग्णांना व्यायाम नको असे सांगितले जाई. अंग थंड झाले की ही लक्षणे ओसरतात, म्हणून व्यायाम सोडण्याची गरज नसते, वेळ बदलावी लागते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीजवळ जातो, तेव्हा सूर्योदयापूर्वी किंवा पंख्याखाली, मानेवर ओला पंचा ठेवून, थोडा थोडा वेळ व्यायाम करावा.

गिया-बारे सिंड्रोममध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते; जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात या आजाराची साथ आली होती. त्यातून सावरणाऱ्यांनी उत्साहाला आवर घालावा. नसांचा पुरवठा परत येत असताना स्नायू फार थकवले तर अशक्तपणा वाढल्यासारखा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा ताकद कमी वाटली, तर आदल्या दिवशी व्यायाम जास्त झाला असे समजून तो निम्म्यावर आणावा. मज्जारज्जूला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालेल्या रुग्णाचे व्यायामात एकाएकी डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो; त्याला लगेच सरळ बसवावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी कुठे मुडपली आहे का ते पाहावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

बाहेर चालण्याचा टप्पा येतो तेव्हा जागा विचारपूर्वक निवडावी. कृषीनगर आणि इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे वेगाने चालणाऱ्यांची वर्दळ असते. तोल कच्चा असलेल्याने थोडी उशिराची, मोकळी वेळ घ्यावी. गोदाकाठी जावेसे प्रत्येक नाशिककराला वाटते, पण रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या पाऊल घसटणाऱ्याच्या कामाच्या नाहीत. पावसाळ्यात इमारतीच्या खालचे पार्किंग किंवा लांब गच्चीचा झाकलेला भाग पुरतो. चालताना वाक्य पूर्ण बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागलेला चांगला. जागतिक आरोग्य संघटना अपंगत्व असलेल्या प्रौढांनाही, शक्य असेल तेवढ्या प्रमाणात, आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवते. ती दहा-दहा मिनिटांत विभागली तरी चालते, आणि ५० मिनिटेच झाली तरी तीही मोजावीत.

एक वही ठेवावी. तारीख, उठबशा किती, मदत किती लागली, चालणे किती मिनिटे, पडणे किंवा पडता पडता वाचणे, आणि दुसऱ्या सकाळचा थकवा, एवढे रकाने पुरेत. "फरक काहीच नाही" असे वाटू लागले की महिनाभरापूर्वीचे पान उघडावे, आणि फिजिओथेरपिस्ट आले की तीच वही पुढे करावी. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहावा आणि त्याखाली लिहावे : तोंड वाकडे होणे, नवा अशक्तपणा, बोलणे अडखळणे किंवा छातीत दुखणे. यांपैकी काहीही एकाएकी झाले तर व्यायाम जिथल्या तिथे थांबवून ते सुरू झाल्याची वेळ नोंदवावी आणि फोन करावा, कारण पक्षाघात असेल तर मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.