कोरडवाहू तीन एकरांत घरची वर्षाची बेगमी कशी करावी

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला भरवशाचा पाऊस सप्टेंबरमध्येच येतो. मंगळवेढा, सांगोला, मोहोळ, करमाळा, अक्कलकोट या भागांत ज्या कुटुंबाकडे दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याने पिकांची आखणी बाजारभाव पाहून न करता आधी घरच्या ताटापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उसाचा किंवा डाळिंबाचा मोह समजण्यासारखा आहे. पण तेल्या, मर या रोगांनी आणि खोडकिड्याने उभी बाग गेली की त्या घराला ज्वारीही विकतच घ्यावी लागते, आणि बोअरचे कर्ज तर तसेच राहते. म्हणून वर्षाच्या खाण्याची तजवीज झाल्यावर जी जमीन आणि जे पाणी उरेल, तेवढ्यावरच नगदी पीक घ्यावे.

पहिले काम वहीपेन्सिलीचे आहे, आणि ते स्वयंपाक करणाऱ्या बाईला शेजारी बसवूनच करावे, कारण पीठ किती दिवस पुरते हे तिलाच नेमके ठाऊक असते. पाच माणसांच्या घरात रोज पावणेदोन किलो धान्य लागते असे धरले, तर वर्षाला सुमारे साडेसहा क्विंटल होते. प्राधान्य गटाच्या रेशनकार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, म्हणजे वर्षाला ३ क्विंटल. उरलेले साडेतीन क्विंटल, बियाणे, पैपाहुणा आणि पुढचे वर्ष कोरडे गेले तर हाताशी असावे म्हणून थोडे जास्तीचे, असे मिळून पाच क्विंटल ज्वारी-बाजरी घरात यायलाच हवी. डाळीसाठी क्विंटलभर तूर आणि तेलासाठी क्विंटलभर करडई धरावी. घाण्यावर तेवढ्या करडईचे पंचवीस-तीस किलो तेल निघते आणि पेंड जनावरांना होते. रेशनकार्डावर सुनेचे किंवा लहान मुलाचे नाव चढवायचे राहिले असेल, तर ते आधी चढवून घ्यावे. माणशी वर्षाला ६० किलोंचा हा प्रश्न आहे.

हा हिशेब हाती आला की जमीन वाटावी. एका एकरावर जून-जुलैमध्ये बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ अशी पेरणी करावी. बाजरी सप्टेंबरअखेर घरात येते, म्हणजे मागच्या ज्वारीची कणगी तळाला गेलेली असते नेमक्या त्या वेळी. तूर मागाहून डिसेंबर-जानेवारीत निघते. दीड एकर रब्बी ज्वारीला राखावे. उरलेल्या अर्ध्या एकरात खोल माती असेल तर हरभरा, आणि हलकी असेल तर हुलगा-मटकी घ्यावी. हुलग्याला हल्ली कोणी विचारत नाही, पण माळरानावरच्या पाऊण वीत मातीतही तो काहीतरी देऊन जातो, आणि आजारी माणसाला माडगे (हुलग्याच्या पिठाचे पातळ पेय) करायला घरचा हुलगा असला की बरे पडते.

रब्बी ज्वारीचे यश पेरणीच्या आधीच ठरते. जून ते सप्टेंबर या काळात पडलेले पाणी जिथल्या तिथे मुरले पाहिजे. त्यासाठी रान उताराला आडवे नांगरून, सारायंत्राने किंवा बळीराम नांगराने वाफे पाडून ठेवावेत. जातीची निवड मातीची खोली पाहून करावी आणि ती अंदाजाने न ठरवता पहारीने खड्डा घेऊन ठरवावी. फूटभर खोलीच्या हलक्या रानात फुले अनुराधा किंवा फुले माउली, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा जुनी मालदांडी ३५-१, आणि त्याहून खोल काळ्या रानात फुले वसुधा पेरावी. हलक्या जमिनीत एकरी तीन-चार क्विंटल आणि मध्यम जमिनीत सहा-आठ क्विंटल उतारा पडतो, असा ढोबळ हिशेब धरून चालावे. या सगळ्या सुधारित जाती आहेत, संकरित नव्हेत. त्यामुळे काढणीआधी रानात फिरून टपोरी, निरोगी कणसे निवडून वेगळी बांधली, तर पुढच्या पेरणीचे बियाणे घरचेच होते.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात उरकावी. उशीर झाला की खोडमाशी रोपांचे पोंगे, म्हणजे मधले कोंब, मारते. एकरी चार किलो बियाणे पुरते. काणी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून बियाण्याला किलोला चार ग्रॅम गंधक चोळावे, ओळीत दीड फूट अंतर ठेवावे आणि ज्वारीभोवती, विशेषतः वाटेच्या कडेला, करडईच्या चार-सहा ओळी पेराव्यात. करडईचे काटे चरणारी जनावरे अडवतात आणि घरच्या तेलाचीही सोय होते.

कोळपणीकडे, म्हणजे ओळींमधली माती हलवून तण काढण्याकडे, फार लक्ष द्यावे. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात अशा तीन कोळपण्या कराव्यात, आणि तिसरी दातेरी कोळप्याने करावी. त्या वेळी काळ्या रानाला भेगा पडू लागलेल्या असतात. भुसभुशीत माती भेगांत ढकलली गेली की खालची ओल वर येऊन उडून जात नाही. विहिरीला थोडे पाणी असेलच, तर ते ज्वारी पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात, असताना एकदाच द्यावे.

घरामागे मोरीचे सांडपाणी जाते तिथे परसबाग करावी. शेवग्याची दोन झाडे, पपई, लिंबू, कढीपत्ता, कुंपणावर दोडका आणि भोपळा एवढे असले तरी भाजीवरचा निम्मा खर्च वाचतो. शेवग्याच्या शेंगा विकाव्यात, पाला मात्र घरातल्या पोरांच्या भाकरीत जावा.

मळणी झाल्यावर धान्य कडक उन्हात वाळवावे. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तर तो वाळला, नुसता चेपला तर अजून दोन उन्हे द्यावीत. पत्र्याच्या कोठीत सावलीत सुकवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचे थर देऊन ते भरावे. किडीसाठी विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांच्या वायूने झोपेत माणसे दगावतात.

सर्वांत मोठे नुकसान होते ते मार्च महिन्यात, जेव्हा देणी भागवण्यासाठी ज्वारी खळ्यावरूनच जाते आणि तीच ज्वारी श्रावणात चढ्या भावाने परत घ्यावी लागते. घरखर्चाची ज्वारी विकायला काढूच नये. जास्तीचा माल असेल, तर पाच-दहा घरांनी किंवा बचत गटाने एकत्र येऊन बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत तो ठेवावा. तिथे मालाच्या किमतीच्या ठरावीक हिश्शापर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी, दरसाल ६ टक्के व्याजाने मिळते.

रोख पैशासाठी दोन-तीन उस्मानाबादी शेळ्या हे या भागातले सर्वांत भरवशाचे साधन आहे. ही शेळी गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांत विते आणि पुष्कळदा जुळी देते. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेच्या रोगाची) आणि वेळेवर पीपीआर या साथीच्या रोगाची लस टोचून घ्यावी, कारण शेळ्या मरतात त्या बहुतेक लस चुकल्यामुळे. बोकड उक्ता न विकता काट्यावर वजन करून विकावा. गाभण शेळी अडचणीतही विकू नये. कडबा उभा न टाकता कुट्टी करून गव्हाणीत घालावा, म्हणजे तुडवून वाया जात नाही आणि उन्हाळा निभतो.

घरच्या ज्वारीवर आणखी एक व्यवसाय उभा राहतो. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीला बाराही महिने गिऱ्हाईक आहे. अन्न सुरक्षेची नोंदणी करून गटाने हे काम घ्यावे, पण भाकरीचा दर ठरवताना पिठासोबत सरपण आणि थापणाऱ्या बाईची मजुरी या दोन्ही रकमा वहीत मांडाव्यात. बहुतेक गटांच्या हिशेबात नेमकी ही मजुरीच धरलेली नसते, आणि मग नफा दिसतो तो तिच्या फुकटच्या कष्टांचा असतो.