नायटिनॉल तारेचे मांडणशिल्प करताना या चुका टाळा

कॅनडाचे वास्तुविशारद फिलिप बीस्ली यांनी 2010 च्या व्हेनिस बिएनाले या वास्तुकला प्रदर्शनात ‘हायलोझोइक ग्राउंड’ मांडले. त्यात माणूस जवळ आला की ॲक्रिलिकची पाती सजीवासारखी हलत. ही हालचाल नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या तारेची असते. वीज दिली की ही तार तापून आखडते आणि निवली की सैल पडते. तसे शिल्प स्वतः करणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी या तापण्या-निवण्याकडे दुर्लक्ष केल्यामुळेच उद्भवतात.

तारेने हलणारी पाकळी मिटते पण उघडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी परतीचा ताण तपासावा. निवलेली तार आपणहून लांबत नाही. तिला स्प्रिंगने किंवा वजनाने ओढून पूर्ववत करावे लागते. ताण पुरेसा असूनही पाकळी अडकत असेल, तर तारेला निवायला वेळच मिळत नसतो. गर्दीत माणसाची चाहूल घेणारा सेन्सर सतत चेतवला जातो आणि तार तापलेलीच राहते. सतत अतिउष्ण राहिलेल्या तारेची स्मृती, म्हणजे तापल्यावर ठरलेल्या आकारात परतण्याचा गुण, कायमची बिघडते, म्हणून प्रत्येक आकुंचनानंतर काही सेकंदांची सक्तीची विश्रांती प्रोग्राममध्येच लिहावी. माझ्या मते या विश्रांतीमुळे शिल्पाचे काहीच उणे होत नाही. उलट, सावकाश सैल पडणारी पाकळीच जिवंत वाटते आणि झटपट उघडमीट करणारी यांत्रिक भासते.

तार मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपच्या, पिनला थेट जोडू नये. 0.15 मिलिमीटर जाडीच्या तारेला सुमारे 400 मिलिअँपिअर प्रवाह लागतो, तर आर्डुइनो उनो आर3 या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या पिनची कमाल मर्यादा 40 मिलिअँपिअर आहे. मध्ये मॉस्फेट, म्हणजे मोठा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, हवाच. नायटिनॉलवर साधे सोल्डर धरत नाही आणि त्याच्या उष्णतेने तार खराबही होते, त्यामुळे टोके क्रिम्प करावीत, म्हणजे धातूच्या नळीत दाबून बसवावीत.

आकुंचन लांबीच्या जेमतेम चार टक्के असते. दहा सेंटिमीटर तार चारच मिलिमीटर हलते, म्हणून ही हालचाल वाढवणाऱ्या तरफेची योजना कागदावर आधीच पक्की करावी.

नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद सभागृहात पीआयआर (अवरक्त किरण टिपणारा) सेन्सर माणूस ओळखेनासा झाला, तर तो बिघडला असे लगेच समजू नये. तो शरीर आणि परिसर यांच्या उष्णतेतील फरकावर चालतो आणि हवा अंगाइतकी तापली की तो फरकच उरत नाही. तेथे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरावा. मात्र मऊ कापड ध्वनी शोषून घेते, त्यामुळे सुती कपड्यांतील प्रेक्षकांसमोर त्याची चाचणी आधी घ्यावी.