अभिवाचनाची बैठक जमवताना

आमच्या पहिल्या अभिवाचनात प्रास्ताविकच बावीस मिनिटं चाललं. कवीचा जन्म, शिक्षण, पुरस्कार, सगळं सांगून झालं. आणि कविता? चार. शेवटची तर उरकलीच, कारण लोक चपला शोधायला लागले होते. प्रास्ताविक माझंच होतं, त्यामुळे कुणावर खापर फोडायचीही सोय नव्हती.

तेव्हापासून प्रास्ताविक तीन वाक्यांत: लेखक कोण, मजकूर कोणत्या पुस्तकातला, पहिल्यांदा कधी छापला गेला. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव त्याच दमात घ्यायचं. ते विसरणं म्हणजे शुद्ध कृतघ्नपणा.

निमित्त हवंच असेल तर युनेस्कोने दोन दिवस ठरवून दिलेत: 21 मार्च कवितेचा, 23 एप्रिल पुस्तकांचा. नसलं तरी काही अडत नाही.

एका बैठकीला एकच लेखक घ्या आणि पाऊण तासात आटपा. गद्याचं एक छापील पान नीट वाचायला मला अडीच-तीन मिनिटं लागतात, त्या हिशेबाने निवड करा. कविता मात्र दोनदा वाचायची. पहिल्यांदा कान सरावतो, दुसऱ्यांदा शब्द पोचतात. मध्ये अर्थ सांगत बसू नका, नुसतं थांबा.

खरी मेहनत आहे ती प्रत तयार करण्यात. पुस्तकातून थेट वाचू नका. शिवणीजवळचे शब्द दिसत नाहीत आणि ऐन वाक्यात पान उलटावं लागतं. अक्षर मोठं करून झेरॉक्स काढा. वाक्य पुढच्या पानावर जात असेल तर उरलेले शब्द खाली हाताने लिहून घ्या. श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने एक तिरपी रेघ, थांबायचं तिथे दोन. जीभ अडखळेल अशा जोडाक्षराखाली रेघ ओढा. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स 1858पासून तिकीट लावून स्वतःचं लेखन वाचून दाखवायचा. त्याच्या वाचनाच्या प्रतींवर काटछाट आहे, अधोरेखनं आहेत, समासात स्वतःसाठीच सूचना आहेत. स्वतः लिहिलेलं वाचायला त्याला एवढी तयारी लागायची, मग आपण कोण?

ओळ संपली की सूर खाली टाकायची खोड बहुतेकांना असते. वाक्य पुढच्या ओळीत जात असेल तर सूर वरच ठेवा, निमिषभर थांबा आणि पुढे चला. वृत्तातल्या कवितेत ठेका धरून डोलू नका. वृत्त आपलं आपण सांभाळतं, तुम्ही अर्थ सांभाळा. टाळ्या एकदाच, अगदी शेवटी.

मग पुस्तक हातोहात फिरू द्या. लोक आधी मलपृष्ठ बघतात. मी मुद्दाम अर्पणपत्रिकेचं पान उघडून देते.

लेखक हयात असेल तर दुसऱ्या दिवशी प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र टाका. ‘पुस्तक फार आवडलं’ एवढ्याने भागत नाही, पान आणि ओळ लिहा. एका कवयित्रीला मी कळवलं होतं की त्यांची चौसष्टाव्या पानावरची ओळ दुसऱ्यांदा वाचली तेव्हा आमच्यातला एक जण उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. महिन्याभराने उत्तर आलं. नेमकी तीच ओळ छपाईआधी त्या गाळणार होत्या.