परदेशातल्या हॉस्पिटलात महिनाभर: निघण्याआधी काय करायचं, तिथे काय बघायचं

मुंबईच्या पालिकेच्या किंवा सरकारी हॉस्पिटलात शिकलेल्या मुलामुलींनी परदेशात हात बसवायला जाऊ नये. आयव्ही लावणं, रक्त काढणं, कॅथेटर टाकणं, टाके घालणं हे इमर्जन्सीच्या दिवशी इंटर्नकडून इतकं करून घेतलं जातं की हात आपोआप बसतो. बाहेर जायचं ते इथल्या गर्दीत जे राहून जातं ते बघायला. रुग्णाशी बसून बोलणं, नीट नोंदी ठेवणं, एका शिफ्टने दुसऱ्या शिफ्टच्या हाती रुग्ण सोपवणं, डिस्चार्जनंतर घरी त्याचं कसं होणार याची आधीच चौकशी करणं. मी इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात, वृद्धांच्या विभागात क्लिनिकल अटॅचमेंट केली, आणि आज मुंबईत मेडिसिनची ओपीडी बघताना रोज तिचा उपयोग होतो. ज्युनिअर्स दर वर्षी तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे.

कोण म्हणून जाणार?

विद्यार्थी असताना करतात ती इलेक्टिव्ह. अमेरिकेत इलेक्टिव्हला आलेला विद्यार्थी देखरेखीखाली हिस्ट्री घेतो, तपासतो, केस मांडतो. पदवी हातात आली की हे दार बहुतेक ठिकाणी बंद होतं आणि उरते ऑब्झर्व्हरशिप. तिथे फक्त बघायचं, रुग्णाला हात लावायचा नाही. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी असते ती क्लिनिकल अटॅचमेंट, तीही बघण्यापुरतीच. जर्मनीत विद्यार्थ्यांसाठी फामुलाटुर आणि डॉक्टरांसाठी हॉस्पिटात्सिऑन असते, पण जर्मन येत नसेल तर वॉर्डात नुसतं उभं राहावं लागेल. जर्मनी मनात असेल तर काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात दुसऱ्या वर्षापासूनच जायला लागा.

अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पीजी, करायची असेल, तर इलेक्टिव्ह पदवीच्या आत करायला हवी, आणि गणित इथेच अवघड होतं. आपल्या नव्या अभ्यासक्रमात तिसऱ्या एमबीबीएसच्या दोन भागांच्या मध्ये इलेक्टिव्ह पोस्टिंग ठेवलेलं आहे. ते बाहेर जाऊन करता येईल का, हे डीन ऑफिसात लेखी विचारा. तोंडी 'हो' वर तिकीट काढू नका. इंटर्नशिप १२ महिन्यांची आणि सक्तीची, परदेशातला महिना तिच्यात धरला जात नाही आणि रजा मोजकीच असते. इंटर्नला विद्यार्थी मानायचं की पदवीधर, हे तिकडची कॉलेजं आपापलं ठरवतात, तेव्हा अर्जाची फी भरण्याआधी ईमेल करून विचारून घ्या. ब्रिटनसाठी इंटर्नशिप संपल्यापासून पीजीला लागेपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा.

अमेरिकेतल्या बऱ्याच इलेक्टिव्ह एएएमसी या तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या व्हीएसएलओ पोर्टलवरून भरतात, पण त्यासाठी तुमचं कॉलेज त्यांच्या जाळ्यात असावं लागतं. नसेल, तर थेट अर्ज घेणारी कॉलेजं शोधा. दुसरा रस्ता विद्यार्थी संघटनेचा. १९५१ साली सुरू झालेल्या आयएफएमएसए या जागतिक संघटनेची भारतातली सदस्य संस्था एमएसएआय. तिच्यातर्फे साधारण चार आठवड्यांची एक्स्चेंज मिळते: स्कोप म्हणजे वॉर्डातली, स्कोर म्हणजे संशोधनाची. कॉलेजात लोकल एक्स्चेंज ऑफिसर कोण आहे ते शोधा. पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्यांना मी हाच रस्ता सुचवते, कारण राहण्याची सोय यजमान बघतात आणि बरोबर इतर देशांतली मुलं असतात.

ईमेल हॉस्पिटलला नको, माणसाला करा

हॉस्पिटलच्या सामान्य पत्त्यावर पाठवलेलं ईमेल बहुधा कुणी उघडत नाही. विभागाच्या पानावरून कन्सल्टंटची नावं काढा, त्यांना नेमकं कशात रस आहे ते वाचा आणि त्यांनाच लिहा. सोबत हॉस्पिटलच्या मेडिकल एज्युकेशन विभागालाही ठेवा. ईमेल सहा-सात ओळींचं पुरे. मी कोण, कोणत्या कॉलेजची, कोणत्या महिन्यात चार आठवडे येऊ शकते, तुमच्याच विभागात का यायचं आहे, आणि मला फक्त ऑब्झर्व्हर म्हणून यायचं आहे. सोबत एक पानाचा सीव्ही. 'रिस्पेक्टेड सर' ने सुरू होऊन वैद्यकशास्त्राच्या महतीपर्यंत जाणारी पत्रं आम्ही कॉलेजात सगळेच लिहायचो. ती तिकडे शेवटपर्यंत वाचली जात नाहीत. 'तुमच्या' विभागात का, ही ओळ सगळ्यात जास्त वेळ घेऊन लिहा. मी लिहिलं होतं की मुंबईत मांडीचं हाड मोडलेल्या आजी-आजोबांचं ऑपरेशन आम्ही करतो, पण त्यांना पुन्हा चालतं करून घरी पाठवायचं नियोजन शिकवणारा वेगळा विभाग मला मिळाला नाही.

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जरूर विचारा. पालिकेच्या कॉलेजांची माणसं ब्रिटनभर पसरलेली आहेत आणि सीनिअरने टाकलेल्या एका शब्दाचा तिथेही उपयोग होतो. होकार आला की चारही आठवडे एकाच विभागात, एकाच कन्सल्टंटच्या हाताखाली काढा. आठवड्याला एक शहर असं चार शहरांत फिरलात, तर कुणालाच तुमचं नाव लक्षात राहणार नाही. लंडनचा हट्टही सोडा. लहान शहरात खोली स्वस्त मिळते आणि कन्सल्टंटला बोलायला वेळ असतो. काही हॉस्पिटलं अटॅचमेंटची फी घेतात, ती आधी विचारून घ्या.

पैसे घेऊन 'प्लेसमेंट' देणाऱ्या एजंटांबद्दल एकच सांगते: पैसे देण्याआधी सुपरव्हायझरचं नाव, हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं पत्र आणि तुमची भूमिका काय याचं लेखी उत्तर मागा. तिन्हींपैकी एक जरी मिळालं नाही तरी तिथेच थांबा. 'तिथे तुम्हाला स्वतः ऑपरेशन करायला मिळेल' अशी जाहिरात दिसली, तर ती कितीही स्वस्त असली तरी जाऊ नका. जे करायला मुंबईत आपल्याला सर परवानगी देणार नाहीत, ते दुसऱ्या देशातल्या गरीब रुग्णावर करायचा हक्क आपल्याला कुणी दिला? मला हे फार मनापासून वाटतं.

लसींची फाइल

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर. व्हिसा, तिकीट सगळं होतं आणि ऑक्युपेशनल हेल्थवाले, म्हणजे हॉस्पिटलात येणाऱ्यांची तब्येत तपासणारा विभाग, टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी) मागतात. हेपटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करतात. तो मिलिलिटरला किमान १० मिलि-आंतरराष्ट्रीय युनिट हवा. म्हणजे शून्यापासून सुरुवात असेल तर सात-आठ महिने फक्त यातच जातात. पहिल्या वर्षाला कॉलेजात डोस घेतले असतील, तर आजच टायटर करून टाका. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस किंवा टायटर, कांजिण्यांचंही तसंच, शिवाय धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा बूस्टर आणि हंगाम असेल तर फ्लूची लस. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आईच्या कपाटात असेल, त्याचे फोटो काढून ठेवा.

मग टीबी. क्षयरोगाच्या वॉर्डात वावरलेल्या आपल्यातल्या पुष्कळांची माँटू, म्हणजे टीबीची त्वचेवरची टेस्ट, पॉझिटिव्ह येते. घाबरू नका, पण लपवूही नका. लहानपणी घेतलेल्या बीसीजी या टीबीच्या लसीमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आयग्रा नावाच्या रक्ततपासणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून शक्य असेल तर तीच करा. ती पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे आणि फिजिशियनचं पत्र जोडा. आणखी एक बारकावा: एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) किंवा कांजिण्यांची जिवंत लस घेतली असेल, तर माँटू त्याच दिवशी करा, नाहीतर चार आठवडे थांबा, मधल्या काळात निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आफ्रिकेतल्या यलो फिव्हरच्या देशात जाणार असाल, तर ती लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र २०१६पासून आयुष्यभर चालतं, आणि ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवलं जाल.

व्हिसा

ब्रिटनसाठी स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो. हॉस्पिटलच्या पत्रात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात: काम बिनपगारी आहे आणि रुग्णांवर उपचार करायचे नाहीत. अमेरिकेच्या इलेक्टिव्हसाठी बी-१. पत्रात ती तुमच्या शिक्षणाचा भाग असल्याचं आणि पगार नसल्याचं यायला हवं. जे-१ हा पुढे रेसिडेन्सीच्या वेळचा व्हिसा, त्याच्या मागे आत्ता लागू नका. बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीची तारीख मिळायला महिने लागू शकतात, तेव्हा होकाराचं ईमेल आल्याच्या दिवशीच डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायला घ्या. अधिकाऱ्याने विचारलं, 'तिथे काय करणार?' तर 'काम करणार' म्हणू नका. ऑब्झर्व्हर असाल तर ऑब्झर्व्ह करणार हेच सांगा, कारण तेच खरं आहे. बोनाफाईड, एनओसी आणि ट्रान्सक्रिप्टसाठी कॉलेजात आधीच अर्ज टाका. अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठी कागदांवर लागणारा सरकारी शिक्का, कुणी मागितल्याशिवाय करू नका, उगाच पैसे जातात.

पोचल्यावर

ब्रिटनमध्ये डॉक्टर पांढरा कोट घालत नाहीत. वॉर्डात कोपराखाली काही नको, घड्याळ, बांगड्या, दोरे, काहीच नाही. राखीचा किंवा देवाचा दोरा असेल तर तो काढायची मनाची तयारी घरूनच करून जा. फोनने केस पेपरचा फोटो काढायची सवय मुंबईत ठेवून जा. अमेरिकेत रुग्णाची माहिती १९९६च्या हिपा या गोपनीयतेच्या कायद्याखाली येते, आणि एक फोटो तुमचा सगळा महिना बिघडवू शकतो. वहीत नाव, नंबर न लिहिता फक्त काय शिकलात ते लिहा.

सकाळच्या हँडओव्हरला आधी पोचा आणि ऐका. एसबार पद्धतीने सांगतात: परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचं मत, काय करायला हवं. रात्रीच्या हाऊसमनने आपल्याकडे घाईत 'बेड नंबर बारा बघून घे' म्हणून निघून जाणं आणि हे, यातला फरक दोन दिवसांत कळतो. राऊंडला कन्सल्टंट खुर्ची ओढून रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसतात आणि आधी विचारतात: तुम्हाला काय झालंय असं वाटतं? कशाची भीती वाटते? आमच्याकडून काय हवंय? हे तीन प्रश्न त्यांच्या परीक्षेत असतातच, पण तिथे ते खरोखर विचारले जातात.

माझ्या विभागात आठवड्याची एक बैठक असायची, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फार्मसिस्ट, सोशल वर्कर आणि डॉक्टर अशी सगळ्यांची. एका पडलेल्या आजींबद्दल चर्चा चालली होती. हाड जोडलं गेलं होतं, रिपोर्ट चांगले होते, पण ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं रुग्णाला कशी जमतील ते बघणारे) सांगितलं की घरात वर जायला तेरा पायऱ्या आहेत, संडास वर आहे, आणि रात्री आजी दोनदा उठतात. डिस्चार्ज थांबला. खाली पलंगाची आणि कमोडची सोय झाल्यावरच त्या घरी गेल्या. तेव्हापासून लालबागच्या चाळीतून आलेल्या प्रत्येक आजोबांना मी विचारते: कितवा मजला, लिफ्ट आहे का, संडास खोलीत की व्हरांड्याच्या टोकाला, रात्री सोबत कोण असतं? कित्येकदा औषध बदलण्यापेक्षा याच उत्तरांवरून जास्त ठरतं. तुम्ही कोणत्याही विभागात जा, अशी एखादी बैठक शोधा आणि ती एकही चुकवू नका.

बैठकीत, ओपीडीत, कुठेही प्रश्न मनात साठवा आणि रुग्ण बाहेर गेल्यावर विचारा. रुग्णाला हात लावायचा मोह टाळा. सिस्टरने सवयीने 'जरा ब्लड काढतेस का' म्हटलं तरी 'मी ऑब्झर्व्हर आहे' सांगा. उपचारात चूक झाली तर लागणारा विमा तुमचा नसतो आणि व्हिसाही ती परवानगी देत नाही. वृद्ध रुग्ण किती अशक्त झालाय ते मोजणाऱ्या फ्रेल्टी स्केलवर रुग्णाला १ ते ९ मधला कोणता आकडा द्याल, असं स्वतःशी ठरवून मग कन्सल्टंटच्या आकड्याशी ताडून बघा. हात न लावताही अशा गोष्टींतून नजर तयार होते.

शेवटच्या आठवड्याच्या आधीच शिफारसपत्राचा विषय काढा. समोर बसून विचारा, 'मला चांगलं पत्र देऊ शकाल का?' आणि सीव्हीसोबत तुम्ही मांडलेल्या केसेसची, केलेल्या ऑडिटची (विभागाच्या कामाच्या तपासणीची) यादी द्या, म्हणजे त्यांना लिहायला काहीतरी ठोस राहील. अमेरिकेसाठी ते पत्र तुमच्या हातात येत नाही. इरास या रेसिडेन्सीच्या ऑनलाइन अर्जातून निघालेला फॉर्म त्यांना द्यायचा आणि ते थेट अपलोड करतात. प्रमाणपत्रावर तारखा, विभाग, सही आणि शिक्का तिथेच तपासून घ्या, मुंबईत परतल्यावर दुरुस्ती करून घेणं फार जड जातं. आणि सीव्हीत ते ऑब्झर्व्हरशिप म्हणूनच लिहा. मुलाखतीत पहिलाच प्रश्न 'तिथे नेमकं काय केलंत?' असतो, त्यासाठी वहीतल्या दोन केसेस तोंडपाठ ठेवा.