मेमरी कार्ड फॉरमॅट होईना? आधी फोटो वाचवा, मग कार्डाकडं बघा

यंदा रंगपंचमीला बावधनचं बगाड शूट करायला गेलो होतो. बैलं बगाड ओढत शेतातनं येतात, तेव्हा नुसता फुफाटा उडतो, कॅमेऱ्यावर, कपड्यावर, सगळीकडं धूळ. रात्री साताऱ्यात घरी येऊन ६४ जीबीचं कार्ड लॅपटॉपला लावलं, फोटो दिसले, पण फॉरमॅट मारलं की मेसेज, डिस्क राईट प्रोटेक्टेड आहे, म्हणजे त्यावर काही लिहिता किंवा पुसता येणार नाही. आणि सकाळी कोरेगावला साखरपुड्याची ऑर्डर. त्या रात्री जे केलं आणि नंतर दोस्तमंडळींची कार्डं नीट करताना जे कळलं ते सगळं इथं लिहितोय.

पहिलं काम, फॉरमॅटचा नाद सोडा आणि कार्डातलं जे दिसतंय ते आधी लॅपटॉपवर कॉपी करून घ्या. फोटो दिसतच नसतील, तर फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यानं काढायचा प्रयत्न करा, फक्त निघालेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करू नका, दुसऱ्या ड्राईव्हवर घ्या. लोकं घाईघाईत आधी फॉरमॅटच्या मागं लागतात आणि लग्नाचे फोटो घालवून बसतात, ते परत कुठनं आणायचे?

आता अडॅप्टर हातात घ्या, म्हणजे बारकं मायक्रोएसडी कार्ड ज्यात घालून लॅपटॉपला लावतो तो मोठ्या कार्डाएवढा तुकडा. डाव्या कडेला एक बारकं सरकणारं बटन असतं, नखाएवढं. ते खाली लॉककडं सरकलं असेल तर कॉम्प्युटर कार्डावर काहीच लिहू देत नाही. जुन्या अडॅप्टरचं हे बटन इतकं सैल होतं की स्लॉटमध्ये घालतानाच घासून आपोआप खाली येतं, आपण वर केलेलं असतं तरी. माझं तेच झालं होतं. बटन वर करून त्यावर सेलोटेपचा पातळ तुकडा चिकटवला आणि कार्ड पहिल्या झटक्यात फॉरमॅट झालं. दुसरा अडॅप्टर मिळाला तर उत्तमच. मागच्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ असेल तर स्वच्छ खोडरबर हलक्या हातानं फिरवा, चुरा झटका आणि मग लावा. दुसरा कार्ड रीडर, दुसरा यूएसबी पोर्ट हेही करून बघा, कारण बऱ्याच वेळा दोष स्वस्तातल्या रीडरचा असतो.

एवढं करून जमलं नाही तर विंडोजमधला डिस्कपार्ट वापरायचा, म्हणजे कमांड टाईप करून डिस्क पुसायचं आणि नव्यानं तयार करायचं साधन. इथं मात्र डोकं शांत ठेवा, कारण चुकीची डिस्क निवडली तर लॅपटॉपची हार्ड डिस्कच साफ होईल. एक्स्टर्नल हार्ड डिस्क, पेनड्राईव्ह सगळं आधी काढून ठेवा. स्टार्टमध्ये सीएमडी (cmd) शोधा, राईट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा, डिस्कपार्ट (diskpart) टाईप करून एंटर. मग लिस्ट डिस्क (list disk). साईज बघून आपलं कार्ड ओळखायचं, ६४ जीबीचं कार्ड तिथं साधारण ५९ जीबी दिसतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. समजा कार्ड २ नंबरला आहे, तर सिलेक्ट डिस्क २ (select disk 2). मग ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली (attributes disk clear readonly). मग क्लीन (clean), यानं कार्ड पुसलं जातं, आणि एंटर मारायच्या आधी नंबर परत एकदा बघा. मग क्रिएट पार्टिशन प्रायमरी (create partition primary), आणि शेवटी फॉरमॅट एफएस=एक्सफॅट क्विक (format fs=exfat quick). हे सगळं अर्थातच इंग्रजीत टाईप करायचं. ३२ जीबी किंवा त्याच्या आतलं कार्ड असेल तर एक्सफॅटच्या जागी फॅट३२ (fat32) घाला. झालं की कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथनं परत एकदा फॉरमॅट करा, कॅमेऱ्याला पाहिजे तसे फोल्डर तोच बनवून घेतो.

कमांडची भीती वाटत असेल तर एसडी कार्डांचे नियम ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनचं एसडी मेमरी कार्ड फॉर्मॅटर फुकट मिळतं, ते वापरा. आणि कार्ड आधी मोबाईलमध्ये इंटर्नल स्टोरेज म्हणून लावलेलं असेल तर ते एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेलं असतं, कॉम्प्युटरला त्यातलं काही कळत नाही. ते त्याच फोनमध्ये घालून आधी डेटा बाहेर काढा आणि तिथंच पोर्टेबल म्हणून फॉरमॅट करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही कार्डं फॉरमॅट झाल्यासारखी दाखवतात, मोकळी दिसतात, पण काढून परत लावली की जुने फोटो जसेच्या तसे हजर. क्लीन मारलं तरी तेच. याचा अर्थ बहुतेक वेळा आतली मेमरी झिजलीय आणि कार्डाच्या कंट्रोलरनं, म्हणजे आतल्या कारभारी चिपनं, लिहिणं कायमचं बंद केलंय, निदान आतलं वाचता तरी यावं म्हणून. यावर कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही, त्यापायी पैसे घालवू नका. फोटो कॉपी करून घ्या आणि कार्डावर मार्करनं फुली मारा, म्हणजे चुकून परत बॅगेत जाणार नाही.

वॉरंटी असली तरी अशा कार्डातले फोटो पुसता येत नाहीत, त्यामुळं बदलून घ्यायला कार्ड कंपनीकडं गेलं की फोटोही त्याच्याबरोबर जातात. माझ्या एका कार्डात एका घरच्या हळदीचे फोटो होते, बायकापोरींचे, घरातले. वॉरंटी शिल्लक होती, तरी मी ते पाठवलं नाही, पक्कडीनं तुकडे केले आणि नवं कार्ड विकत घेतलं.