‘बघू’ म्हणजे ‘नाही’: ऑटिस्टिक माणसासाठी डेटिंगच्या काही नोंदी

दुसऱ्या भेटीच्या शेवटी तो म्हणाला, "आता घरी जाऊन काय करावं, कळत नाहीये." मी म्हणाले, "कपडे धुवायचे राहिले असतील तर धू." तो हसला, मी निघाले. त्याला आणखी तासभर माझ्याबरोबर थांबायचं होतं, हे मला चार महिन्यांनी कळलं, तेही त्यानेच सांगितलं म्हणून. तोवर मी समजत होते की आपण चांगला उपयोगी सल्ला दिला.

मी सदतीस वर्षांची आहे. ऑटिझमचं निदान एकतिसाव्या वर्षी झालं. त्याआधी मी देहबोलीचे नियम पाठ करून प्रेम निभावायला बघायचे. केसांतून हात फिरवला म्हणजे अमुक, पावलं आपल्या दिशेला वळली म्हणजे तमुक. हे पाठांतर सोडून द्या. भेटीत माझं अर्धं लक्ष त्याच्या पावलांकडे असायचं, उरलेलं डोक्यावरच्या दिव्याच्या गुणगुणीकडे. माणूस काय बोलला ते घरी गेल्यावरही आठवायचं नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ ज्यांना जमतं त्यांना जमू दे. आपल्याला आडून बोललेलं ऐकू येत नाही, हे आपण आधीच सांगून मोकळं व्हायचं.

माझं वाक्य असं आहे: "मला इशारे कळत नाहीत. काही हवं असेल तर सरळ सांग, मला राग येत नाही. मीही सरळच बोलेन, त्यात टोमणा शोधू नकोस." शेवटचा तुकडा गाळू नका. आपण ‘आज नको’ म्हणतो तेव्हा आपल्याला फक्त ‘आज नको’ म्हणायचं असतं, पण समोरचा त्यात तीन अर्थ वाचून मोकळा होतो. न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये नेमकं हेच मांडलं. आपल्याला इतरांचं मन कळत नाही असं म्हणतात, पण त्यांनाही आपलं कळत नाहीच की. पुढे २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग केला. सगळे ऑटिस्टिक असलेली साखळी आणि एकही ऑटिस्टिक नसलेली साखळी, दोन्हींनी माहिती सारखीच नीट पोचवली. गळती जास्त झाली ती मिसळलेल्या साखळीत. म्हणून जोडीदार ऑटिस्टिकच हवा असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीच्या एका जोडप्यात दोघंही ऑटिस्टिक आहेत. त्याला झोपायला पंख्याचा आवाज लागतो आणि तिला तो आवाज अजिबात सहन होत नाही. तिथे एकमेकांना समजून घेऊनही झोपायच्या खोल्या दोनच लागतात.

भेटण्याआधी

जागा तुम्ही सुचवा. ‘कुठेही चालेल’ हे वाक्य मी आयुष्यातून काढून टाकलंय, कारण ‘कुठेही’ म्हणजे हमखास मोठ्या आवाजातलं संगीत. शक्य असेल तर ज्या वेळेला भेटणार त्याच वेळेला आदल्या दिवशी जाऊन या. सकाळी शांत असलेली जागा संध्याकाळी ओळखू येत नाही. पाठ भिंतीला लागेल अशी बसायची जागा हेरून ठेवा. नाहीतर सरळ चालायला जा. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघायचा प्रश्नच मिटतो, आणि हातांना चाळा हवा असला तर कोणी बघत नाही. भुवयांच्या मधोमध बघण्याची युक्ती लोक सांगतात. मला त्यात फक्त भुवया दिसतात. त्यापेक्षा सांगून टाका: "मी दुसरीकडे बघत असले की जास्त चांगलं ऐकते."

भेटीला शेवट ठरवून ठेवा. ‘साडेपाच ते सात’ असं लिहून पाठवा. सात वाजता मजा येत असेल तर विचारून वाढवता येतं, पण पावणेसातला डोकं दाटून आलं तर निघण्यासाठी सबब शोधावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी काही ठेवू नका. भेट छान झाली तरी थकवा येतो, आणि त्या थकव्याला ‘मला हा माणूस आवडला नाही’ समजून मी एक चांगला माणूस गमावलाय.

कुलपं

माझा विषय कुलपं. आवड नव्हे, विषयच. आज घरोघरी दिसणाऱ्या पिनांच्या कुलपाचं पेटंट लायनस येल यांनी १८६१ मध्ये घेतलं, तिथून मी सुरू झाले की थांबणं अवघड. (कुलूप आणि प्रेम यांची उपमा देऊ नका. कुलूप हे कुलूप असतं.) पहिल्या भेटीत विषय काढायचाच नाही, असा सल्ला मला खूप जणांनी दिला. तो मी पाळला तेव्हा समोरच्याला एक कंटाळवाणी बाई भेटली, आणि मलाही. म्हणून काढा, पण दोन-तीन मिनिटांनी विचारा: "आणखी सांगू, की तुझं काही सांगतोस?" असं विचारलं की नको म्हणणं सोपं जातं. ‘कंटाळा येतोय का?’ विचारलं तर सभ्य माणूस नाहीच म्हणणार. मग त्याचा विषय ऐका आणि एकदा तरी ‘म्हणजे कसं?’ विचारा. मला हे आपोआप सुचत नाही. मी ते आधी तळहातावर लिहून न्यायचे.

कधी सांगायचं

आधी गरज सांगा, नाव नंतर. ‘मला गोंगाटात ऐकू येत नाही’ हे पहिल्याच भेटीत चालतं. ‘मी ऑटिस्टिक आहे’ हे मी तिसऱ्या भेटीत सांगितलं, बाकावर बसून, समोर बघत. मराठीत ‘स्वमग्न’ म्हणतात, पण मी तो शब्द वापरत नाही. ‘स्वतःत मग्न’ ऐकलं की माणसाला वाटतं, हिला आपल्याशी काही घेणंदेणं नसणार. खरं तर मी त्याच्यात इतकी मग्न होते की त्याच्या बुटांच्या नाड्यांची गाठही आठवते.

न सांगण्याची किंमत मी दिलेली आहे. एकोणतिसाव्या वर्षी आठ महिने एका माणसाबरोबर होते. तेव्हा निदान नव्हतं, फक्त इतरांसारखं दिसण्याची सवय होती. हसण्याची वेळ, मान हलवण्याचा वेग, सगळं बसवलेलं. त्याच्या मित्रांच्या गर्दीतून आले की न्हाणीघरात जाऊन दिवा बंद करून फरशीवर बसायचे, आणि पोट बिघडलंय असं सांगायचे. आठव्या महिन्यात ते झेपेनासं झालं. मी गर्दीला नाही म्हणू लागले, गप्प बसू लागले. तो म्हणाला, "तू बदललीस." त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. ज्या मुलीवर त्याने जीव लावला होता ती मी बसवून दिलेली होती. मुखवटा घालायचाच असेल तर जितका वेळ झेपतो तितकाच घाला, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत कडा तरी सैल करा.

हो, नाही आणि बघू

सरळ विचारलं तर बेरंग होतो ही भीती फुकाची. "मला तुझा हात धरायला आवडेल, चालेल?" या वाक्याने कोणाचाही बेरंग झालेला मी पाहिला नाही. मात्र उत्तर ऐकताना आपल्याला एक नियम लागतो, कारण लोक ‘नाही’ क्वचितच म्हणतात. ‘बघू’, ‘सध्या गडबड आहे’, ‘कळवते’ आणि पुढे तारीख नाही, हे सगळं ‘नाही’ धरा. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकच मेसेज: "भेटायला आवडेल. नको असेल तर उत्तर दिलं नाहीस तरी चालेल." त्यानंतर काही नाही. स्पर्शाच्या बाबतीत तर गप्प राहणं म्हणजे होकार कधीच नाही, आणि कालचा होकार आजचा नाही.

हे कडक वाटेल, पण आपल्यातल्या अनेकांचा विषय कधी कधी माणूसच होतो. त्याचे सगळे फोटो, त्याच्या जाण्यायेण्याच्या वेळा. कुलपाला त्याचा त्रास होत नाही, माणसाला होतो, आणि त्याला भीती वाटते.

उलट बाजूही आहे. आपण शब्दावर विश्वास ठेवतो, आणि ते ओळखणारे लोक असतात. पैसे मागणं, गुपित ठेवायला लावणं, मैत्रिणींपासून तोडणं, ‘माझ्यावर प्रेम असेल तर’ने सुरू होणारी मागणी: यातलं काहीही आलं की मी माझ्या बहिणीला मेसेज जसाच्या तसा वाचून दाखवते. माझा अर्थ नाही, मूळ शब्द. असं एक माणूस आधीच ठरवून ठेवा.

स्पर्श आणि भावना

हलका स्पर्श मला मुंगी चालल्यासारखा लागतो, घट्ट मिठी मात्र औषधासारखी. संवेदनांतला हा फरक डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये ऑटिझमच्या निकषांत घेतला, तेव्हा हे नखरे नाहीत. मी आणि माझ्या जोडीदाराने एकेका कागदावर आपापल्या शरीराची बाह्यरेषा काढून रंगवली: हिरवं कधीही, पिवळं विचारून, लाल नको. त्याच्याही कागदावर लाल निघालं, त्याचे कान. आम्ही दोघंही चकित झालो, त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

‘तुला माझ्याबद्दल काय वाटतं?’ या प्रश्नाने माझं डोकं कोरं होतं. आपल्या भावना ओळखून त्यांना नाव देता न येण्याला अलेक्सिथायमिया म्हणतात. ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्यांना हे असतं, सगळ्यांना नाही. माझा उपाय: "परवा लिहून सांगते," आणि परवा खरोखर लिहायचं. नाव सुचलं नाही तर शरीराचं लिहायचं. मी लिहिलं होतं, "तुझा फोन आला की माझे खांदे खाली येतात." त्याला ते पुरलं.

भांडण

भांडणात माझे शब्द बंद होतात. बाहेरून तो अबोला दिसतो. अबोला म्हणजे समोरच्याला दिलेली शिक्षा, आणि माझी तर फक्त यंत्रणा बंद पडलेली असते, पण पलीकडे बसलेल्याला हा फरक दिसणार कसा? म्हणून आमच्या दारामागे एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘बोलता येत नाही. रागावलेली नाही. ४० मिनिटांनी येते.’ मी नुसतं बोट दाखवते. ‘४० मिनिटं’ महत्त्वाची. परतायची वेळ नसेल तर ती सुट्टी नाही, पळ काढणं होतं. आणि वेळ झाली की जायचंच, तोंडातून शब्द फुटत नसले तरी जाऊन शेजारी बसायचं.

तुटलं तर

कारण एकदाच विचारा. मिळेल ते उत्तर अपुरं असणार, तरी दुसऱ्यांदा विचारू नका. तुम्ही तोडत असाल तर ‘आपण थांबूया’ इतकं स्पष्ट वाक्य वापरा, आपण तरी ‘बघू’ म्हणू नये.

त्या आठ महिन्यांनंतर मला माणसापेक्षा रोजचा नऊचा फोन जास्त छळत होता. सहा आठवडे मी रात्री नऊला फोन हातात घेऊन बसायचे. रिकामा तास आपोआप भरत नाही, त्यात काहीतरी ठरवून ठेवावं लागतं. मी किल्लीशिवाय उघडायच्या सरावाचं कुलूप आणून ठेवलं, आणि नऊ वाजले की फोन दुसऱ्या खोलीत. सहा पिनांचं पहिलं कुलूप मी त्याच तासात उघडलं, नऊ वाजून बावन्न मिनिटांनी.