काकांचं पोटाचं ऑपरेशन: घरातल्यांनी करायची तयारी

मागच्या वैशाखात आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं आणि आठव्या दिवशी टाके पिकले. आता काकांच्या बेंबीच्या हर्नियाची तारीख निघाली आहे, म्हणून घरातल्या सगळ्यांसाठी हे लिहून ठेवते.

काकांची बिडी आजपासून बंद. निदान चार आठवडे मिळायला हवेत, धुराने जखमेला मिळणारा प्राणवायू कमी होतो. साखर तपासून घ्या. वाढलेली निघाली तर ती आटोक्यात आणणं हीच पहिली तयारी. पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं होतं ते डॉक्टरांना आधीच सांगा, कारण चिरा देण्याआधी तासाभरात अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात.

घरी पोटावर ब्लेड फिरवू नका. आईच्या वेळी आदल्या रात्री मीच फिरवलं होतं, स्वच्छता म्हणून. त्याने कातडीवर बारीक चिरा पडतात, डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि रात्रभरात जंतू त्यात वाढतात. टाके त्यामुळेच पिकले असं कुणी म्हणालं नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही. केस आड येत असले तर दवाखान्यात मशीनने कापतात. आपण फक्त साबणाने आंघोळ घालायची, बेंबीतला मळ काढायचा, धुतलेले कपडे द्यायचे. तेल-पावडर काही नको.

घरी आल्यावर पट्टीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, दर वेळी. हळद, अंगारा, खोबरेल जखमेवर नको, आजीने कितीही आग्रह केला तरी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. घामाने पट्टी भिजली तर बदलून घ्या आणि पायजम्याची नाडी जखमेवर येऊ देऊ नका. खोकताना पोटाशी उशी धरायची. भेटायला येणाऱ्यांना खुर्ची द्या, काकांच्या खाटेवर बसवू नका. डॉक्टरांनी जेवायला मोकळीक दिली की वरण, अंडी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी पोटभर द्या, जखम भरायला प्रथिनं लागतात.

लाली पसरणं, जागा गरम लागणं, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढणं, पू, वास, ताप, टाके उसवणं: यातलं एकही दिसलं तर मेडिकलवरून गोळ्या आणून वाट बघू नका. आईच्या वेळी आपण तीन दिवस तसे घालवले. लक्ष महिनाभर ठेवायचं, आणि काकांना हर्नियाच्या जागी आतून आधाराची जाळी बसणार आहे म्हणून तीन महिने. फाईल आणि जळगावच्या गाडीभाड्याचे पैसे देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवले आहेत.